राशोल, पिलार की जेझुइट? पाचारण, म्हणजे देवाची हाक, वाटतंय पण कुठे जायचं कळत नाही त्यांच्यासाठी

आमच्या चर्चमधला एक मुलगा, नुकतीच बारावी झालेला, परवा मिस्सानंतर थांबला आणि म्हणाला अंकल मला फादर व्हायचंय, पण डायोसिसमध्ये जाऊ की एखाद्या संस्थेत तेच कळत नाहीये. (डायोसिस म्हणजे बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत, संस्था म्हणजे जेझुइट किंवा पिलारसारखा, एकत्र राहणाऱ्यांचा धर्मसंघ.) त्याला तिथे उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं म्हणून इथे नीट लिहितोय. मी मूळचा वसईचा, आता बरीच वर्षं मडगावला आहे, आणि एकोणिसाव्या वर्षी मी स्वतः एका संस्थेत गेलो होतो, दीड वर्षाने बाहेर आलो, आज संसारात आहे. तेव्हा मला हा फरक कोणी समजावला नव्हता.

आधी एक गोष्ट. कुठला मार्ग जास्त पवित्र हा प्रश्न सोडून दे. रात्री जेवायला कोणासोबत बसणार आणि तुझी बदली कोण ठरवणार, हे दोन प्रश्न घे.

डायोसिसचा फादर म्हणजे आपल्या धर्मग्रामाचा, गावचा. गोव्यात त्यासाठी राशोलची सेमिनरी, म्हणजे फादर घडतात ती शाळा, झुआरीकाठच्या जुन्या किल्ल्यातली, इमारत 1600 च्या दशकातली. चर्चच्या कायद्याप्रमाणे फिलॉसॉफी आणि थिऑलॉजी मिळून कमीत कमी सहा वर्षं, आणि वय पंचविशीच्या आत याजकीय दीक्षा सहसा नाहीच. ब्रह्मचर्य पाळायचं आणि बिशपांची आज्ञा मानायची हे वचन देतोस, पण दारिद्र्याचं व्रत नसतं, म्हणजे तुझ्या नावावर बँक खातं, घरचा वाटा राहू शकतो, साधं राहणं मात्र अपेक्षित असतं. बदली झाली तरी बहुतेक गोव्यातच, कारण आर्चडायोसिस गोवा-दमणचा आहे, आई आजारी पडली तर बहुतेक वेळा स्कूटर काढून जाता येतं, हे लहान वाटतं पण नाहीये.

पण त्याची दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिलीय. गेल्या पावसाळ्यात एका गावच्या फादरांकडे बाप्तिस्म्याच्या कागदासाठी गेलो होतो, रात्रीचे नऊ, टेबलावर एकच ताट, दुसरं ताट उपडं घालून झाकलेलं, फादर एका म्हाताऱ्या आजीला रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार, देऊन भिजलेले आले, गार झालेली आमटी तशीच भाताबरोबर खाल्ली, आणि दोन घास झाले नाहीत तोवर फोन. उठले. मला म्हणाले, या वाड्यातलं प्रत्येक घर मला आतून माहितेय. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंच होतं. पण ताट एकच होतं.

संस्थेत ताटं दहा-बारा असतात. मी होतो तिथे रोज रात्री कोणीतरी फुटबॉलवरून वाद घालायचा, कोणीतरी भांडी घासताना गायचा, आणि एक जण होता ज्याच्याशी माझं कधीच जमलं नाही तरी चॅपलमध्ये त्याच्याच शेजारी बसायचं. माणसं आपण निवडत नाही. ज्याला घरात चार माणसं असली तरच झोप लागते त्याने इकडे बघावं, ज्याला सगळ्यांत राहून जीव घुसमटतो त्याने स्वतःशी खरं बोलावं.

जेझुइटांचं शिक्षण लांबलचक, दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, त्यात तीस दिवसांची मौनाची रिट्रीट, मग व्रतं, अभ्यास, मधे शाळेत किंवा मिशनमध्ये काम, पुन्हा अभ्यास, सगळं धरून दहा वर्षांच्या वर सहज जातं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं, पगार मिळाला तरी तो संस्थेचा. शिकवायची आवड असेल तर इथे वाव खूप, बेळगावची सेंट पॉल्स शाळा त्यांचीच. पिलारच्या फादरांचा ओढा मिशनकडे, 1887 मध्ये आगोंदला सुरू झालेली आणि 1939 मध्ये पिलारला नव्याने उभी राहिलेली आपल्या मातीतली संस्था, पण पाठवतील अंदमानला सुद्धा. घरापासून लांब राहायची तयारी नसेल तर हे आधीच घरी बोल, नंतर नको.

भाषेचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. घरी मराठी असेल आणि गोव्यात डायोसिसचा फादर व्हायचं तर कोंकणी, तीही रोमी लिपीतली, म्हणजे रोमन अक्षरांतली, मिस्साला आणि कन्फेशनला हातात आली पाहिजे. कन्फेशनला आलेली बाई आपल्या मनातलं तुझ्यासाठी भाषांतर करत बसणार नाही.

मुलींनाही हेच विचारावं लागतं. शाळा-कॉलेज, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या सिस्टर, जशा नुव्याच्या कार्मेल कॉलेजच्या अपोस्टोलिक कार्मेल, आणि बंद मठात प्रार्थनेत राहणाऱ्या, यांचं आयुष्य अगदी वेगळं. दोन्ही ठिकाणी आधी नोव्हिशिएट, मग काही वर्षांची तात्पुरती व्रतं आणि मगच कायमची, त्यामुळे पहिल्या दिवशीच दार बंद होतं ही भीती नको.

आणि घाई नको. बाणावलीचे संत जुजे वाज 1676 मध्ये याजक झाले, जुन्या गोव्यात ऑरेटरी ही याजकांची संस्था 1685 च्या सुमारास उभी राहिली, लंकेला गेले 1687 मध्ये. म्हणजे दीक्षेनंतर अकरा वर्षांनी त्यांना आपलं खरं काम सापडलं, आणि तेही संतच.

जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा एक नियम मात्र पाठ कर, मी मोडला होता तो. मन कोरडं पडलेलं असताना, प्रार्थना नकोशी झालेली असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी परीक्षेच्या आठवड्यात, आईची आठवण येऊन, कोणालाच न विचारता बॅग भरली होती. कदाचित नंतरही बाहेर आलो असतो, पण विचार करून आलो असतो.

सध्या दोन्हीकडे दोन-तीन दिवस राहून ये, 'या आणि पहा' शिबिरं असतात. एका स्पिरिच्युअल डायरेक्टरला, म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शकाला, महिन्यातून एकदा भेट, पॅरिश प्रीस्ट वेगळे आणि हे वेगळे असले तर बरं. आणि बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा आणि आईवडिलांच्या लग्नाचा चर्चचा दाखला आत्ताच मागून ठेव, तो दुसऱ्या गावच्या, समजा वसईच्या, चर्चमधून यायचा असेल तर वेळ लागतो.