विजयदुर्गला होडीतून किल्ला दाखवणारे काका : वेळ काढून नक्की करा

विजयदुर्गला जाणार असाल तर किल्ल्यात शिरायच्या आधी होडीत बसा, एवढं सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने येईल. आपल्याकडे किल्ला बघणं म्हणजे दरवाज्यातून आत, बुरुजावर चढ, फोटो काढ आणि जेवायला पळ असं झालंय, डोंगरी किल्ल्यावर निदान चढताना तरी कळतं की हा इथे का बांधला, पण जलदुर्गाला आपण मागच्या दाराने शिरतो, म्हणजे गाडी थेट दरवाज्यापर्यंत जाते आणि ज्या बाजूने शत्रू येणार होता ती बाजू आपण बघतच नाही.

तर सर्व्हिस अशी आहे. विजयदुर्गच्या जेटीवर मासेमारी करणारे एक काका आहेत, साठीच्या पुढचे असतील, त्यांची स्वतःची होडी आहे, मुलगा इंजिन बघतो आणि काका बोलतात. आधी खाडीच्या मुखातून बाहेर पडून समुद्राच्या बाजूने किल्ल्याला अर्धी फेरी, मग परत जेटीवर येऊन पायी किल्ला. सगळं मिळून साधारण तीन तास. आम्हाला माणशी तीनशे रुपये पडले, होडीत आठ-दहा माणसं मावतात, कमी असाल तर भाव थोडा वाढतो. बोर्ड नाही, ऑनलाइन बुकिंग नाही, जेटीवर विचारलं की कोणीही सांगतं.

होडी थोडी पुढे गेली आणि किल्ला डाव्या हाताला सरकायला लागला तेव्हा काकांनी इंजिन कमी करायला लावलं आणि म्हणाले, "दर्यातून बघल्याशिवाय किल्लो कळाचो नाय." आणि खरंच, रस्त्यावरून जो तट नुसता मोठा वाटतो तो पाण्यावरून अंगावर येतो. एकामागे एक उंच होत गेलेले तीन तट दिसतात, त्यात बाहेरचा तो चिलखती तट, म्हणजे आतल्या मुख्य तटाला घातलेलं चिलखतच. काकांनी नीट समजावलं की समुद्रातून तोफ डागली तर गोळा आधी चिलखतावर आदळणार, ते पडलं तरी मधल्या जागेत शिरलेला माणूस वरच्या तटावरून सरळ माऱ्यात येणार. बुरूज गोल का, तर चौकोनी बुरुजाचा कोपरा गोळ्याने फुटतो आणि कोपऱ्याआड लपायला जागा मिळते, गोल बुरुजाला तो धोका कमी. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण समोर सत्तावीस बुरुजांच्या रांगेतले अर्धे तरी एकदम दिसत असतात आणि होडी हलत असते तेव्हा आपण हल्ला करणाऱ्याच्या जागी आहोत हे पोटात कळतं.

इतिहास काका तारखांसकट सांगतात पण घोकल्यासारखा नाही. किल्ला मुळात शिलाहार राजा भोज दुसरा याचा मानला जातो, म्हणजे 1200 च्या आसपासचा, नंतर आदिलशाहीकडे, आणि महाराजांनी तो 1653 मध्ये घेतला. तेव्हा विजय नाम संवत्सर होतं, त्यावरून विजयदुर्ग. इंग्रजांच्या कागदात मात्र तो कायम घेरियाच, शेजारच्या गावावरून. महाराजांच्या काळात किल्ला वाढवला, तट चढवले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं आणि मग इंग्रजांनी 1717 ला येऊन बघितलं, तटाला लावायच्या शिड्याच तोकड्या पडल्या, 1720 ला तोफांनी भरलेला तरंगता तराफा घेऊन आले, तेही जमलं नाही, 1724 ला डच आले आणि हात हलवत गेले.

इथे काकांनी जे दाखवलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यांनी खाडीच्या आत बोट केलं आणि म्हणाले किल्ला अर्धाच दगडाचा आहे, अर्धा पाण्याचा. वाघोटन खाडी आत लांब खारेपाटणच्या दिशेने जाते, मुखाशी उथळ जागा आहेत, खडपं आहेत, ओहोटीला त्यातली काही डोकं वर काढतात. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं, म्हणजे मोठी आणि लहान लढाऊ जहाजं, कमी पाण्यात चालणारी, गलबताला तर चाळीस-पन्नास वल्ही, वारा पडला तरी माणसं वल्हवत निघून जाणार. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना पाणी खोल लागायचं आणि वाराही लागायचा. म्हणजे पाठलाग करत आलेलं जहाज एक तर तोफांच्या माऱ्यात येणार नाही तर रुतणार. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून वारा, याचं गणित ज्याला येतं त्याचा हा किल्ला. काका आयुष्यभर ह्याच पाण्यात जाळं टाकत आले त्यामुळे हे ते कुठून वाचून सांगत नाहीत, त्यांना भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसात आणि उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसात कुठला खडक किती बुडतो हे माहीत आहे. असा गाईड मला आजवर दुसरीकडे मिळालेला नाही आणि मी बऱ्यापैकी किल्ले फिरलोय.

मग पाण्याखालच्या भिंतीचा विषय निघतोच. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली एक लांब भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची अशी गोष्ट इथे लहान पोरंही सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथे बुड्या मारून अभ्यास केलाय हेही खरं. काकांनी जागा दाखवली, वर काहीच दिसत नाही, नुसतं पाणी, पण त्यांनी ऐकीव गोष्ट कुठली आणि तपासलेलं काय हे वेगवेगळं सांगितलं, याचं मला खूप बरं वाटलं. कारण आपल्या किल्ल्यांवर गाईड म्हणवणारे काहीजण जे काय ठोकून देतात ते ऐकून पोरं तेच शाळेत जाऊन सांगतात.

तसंच साहेबाच्या ओट्यांचं. किल्ल्यात वर हे ओटे आहेत आणि हेलियमचा शोध इथेच लागला असं सर्रास सांगतात, 18 ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे पक्कं, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं, आणि लॉकयर यांनी सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून टिपली, पृथ्वीवर हेलियम सापडायला तर 1895 उजाडलं. काकांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "आमी लहानपणापासून ऐकत इलो, पण शोध लावणारो इथे बसान लावलो असा मी सांगूचंय नाय." गावाच्या अभिमानाची गोष्ट असूनही माणूस एवढं सरळ बोलतो, याला मी वेगळे मार्क देईन.

आता पायी भाग. जेटीवरून वर आलात की किल्ल्याच्या बाहेरच्या भागातून आत जायचं, इथे पूर्वी खंदक होता आणि त्यावर उचलता येणारा पूल, इथल्या दरवाज्याला जिबीचा दरवाजा म्हणतात. खंदक बुजलाय, त्यामुळे आज किल्ला जमिनीला सरळ चिकटलेला दिसतो, पण मूळ कल्पना अशी की तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूलाही पाणीच. पुढचा मुख्य दरवाजा समोर आल्याशिवाय दिसत नाही, वाट वळवून वळवून नेलीय, दोन्ही हातांना बुरूज. हत्तीला धावत येऊन धडक मारायला सरळ जागाच ठेवलेली नाही. देवड्यांमध्ये, म्हणजे पहारेकऱ्यांच्या जागेत, पाच मिनिटं बसा, उन्हातून आल्यावर तिथला गारवा सोडवत नाही.

बांधकामावर काका नव्हे, त्यांचा मुलगा जास्त बोलतो, तो आधी गवंडीकाम करायचा. तट जांभ्याचा आहे, आपल्या कोकणातला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून मोठमोठे चिरे घडवून घेता आले. त्याने एका ठिकाणी चिऱ्यांमधला जुना चुना दाखवला आणि शेजारीच नंतरच्या डागडुजीचा सांधा दाखवला, रंगातला आणि पोतातला फरक एकदा बघितला की मग आपण सगळीकडे तेच शोधत बसतो. जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी तटात ठेवलेली भोकं, त्याही त्याने वाकून बघायला लावल्या. एकीतून लांबचं पाणी दिसतं, दुसरीतून तटाचा पायथा, म्हणजे शत्रू जवळ आला तर बंदूक कुठल्या भोकातून धरायची ते बांधतानाच ठरवलंय. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, कडेने चालत गेलात तर खूबलढा बुरूज चुकवू नका. दारूकोठार, खलबतखाना, पाण्याचा तलाव हे सगळं दाखवतात, भुयाराच्या तोंडाशीही नेतात पण आत जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

शेवटी खाडीकडच्या तटावर बसवून 1756 सांगतात. फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसनचं इंग्रज आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज, आपलीच माणसं आपल्याच आरमारावर. सोबत पुढे प्लासी जिंकणारा क्लाइव्हही होता. 12 फेब्रुवारीला इंग्रज जहाजं खाडीत शिरली, तोफा सुरू झाल्या, एका गोळ्याने इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकून आणलेल्या रेस्टोरेशन जहाजावर आग लागली आणि ती शेजारच्या जहाजांवर पसरत कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचं नांगरलेलं आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्याच वर्षी तहात बाणकोट इंग्रजांना देऊन विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला, पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख धुळप यांनी इथून पुन्हा आरमार चालवलं, पण ती जळालेली जहाजं गेली ती गेलीच. ज्या पाण्यात हे झालं तिथूनच आपण तासाभरापूर्वी होडीने आलेलो असतो. काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत, घोषणा देत नाहीत. आमच्यातली कॉलेजची पोरं फोन खिशात ठेवून ऐकत होती.

आता खटकलेल्या गोष्टी. लाईफ जॅकेट देतात, सगळ्यांना घालायलाही लावतात, पण काही जुनी झालीत, पट्टे नीट बसत नाहीत, लहान मुलांच्या मापाची फारच कमी. हे बदलायला हवं आणि आम्ही तसं सांगूनही आलो. समुद्राच्या बाजूला होडी बऱ्यापैकी डुलते, ज्यांना बोट लागते त्यांनी आधी गोळी घ्या. वेळ भरती-ओहोटीवर ठरते त्यामुळे तुम्ही दहा म्हणालात आणि काका म्हणाले आठ तर आठलाच यावं लागेल, घासाघीस करू नका. पावसाळ्यात होडी बंद, आणि दर्या खवळलेला असेल तर इतर वेळीही ते नाही म्हणतात. आम्ही होतो तेव्हा एका ग्रुपने जास्त पैसे देतो म्हणून आग्रह धरला तरी नाही म्हणाले. पायी भागात सावली कमी, ज्येष्ठांना फांजीवरची चाल झेपणार नाही, त्यांना तलावाजवळ बसवून बाकीच्यांना पुढे न्यायची सोय काका करतात. पाणी मात्र स्वतःचं न्या.

किल्ल्याबद्दलही दोन शब्द, कारण जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली त्यात हा आहे, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे बाकीचे जलदुर्ग. त्यामुळे गर्दी वाढणार. तटात वड-पिंपळाची मुळं शिरलीत आणि चिरे सैल झालेत, काही वर्षांपूर्वी पावसात समुद्राकडचा तट ढासळलाही होता. होडीतून बघितलं तर लाटा नेमक्या कुठे खातायत ते स्पष्ट दिसतं. ढासळत्या कडेवर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना काकांचा मुलगा दोनदा ओरडला, त्याचं बरोबर होतं. चिऱ्यांवर नावं कोरणाऱ्यांना तर काय म्हणायचं, तिथे आता वेगळं कोणीतरी बघायला हवंय.

जायचं कसं तर मुंबई-गोवा हायवेवर तळेऱ्याहून आत वळायचं, वाटेत पडेल कॅन्टीन लागतं तिथे चहा घ्या. परतताना गिर्ये गावातलं रामेश्वर मंदिर करा, खडक कोरून काढलेल्या वाटेने खाली उतरायचं, कान्होजींचे मुलगे संभाजी आंग्रे यांची समाधी तिथे आहे. खाडीत आतल्या बाजूला खडकात खोदलेली आरमाराची गोदी आहे, ती ओहोटीला नीट दिसते, काका वेळ असेल तर तिथेही नेतात, त्याचे पैसे वेगळे आणि द्यावेत असेच आहेत. जेवणाचं म्हणाल तर बंदराजवळ घरगुती खानावळी आहेत, सकाळी सांगून ठेवलं तर ताजी मासळी मिळते, ऐनवेळी गेलात तर जे असेल ते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा जॅकेटचा कापलाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन काकांना भेटा, दुसऱ्या दिवशीच्या भरतीची वेळ विचारा आणि त्याप्रमाणे बाकीचा प्लॅन लावा.