उन्हाची अ‍ॅलर्जी आणि स्किन क्लिनिकचा अनुभव (४ स्टार)

दरवर्षी मार्च लागला की माझ्या हातांवर आणि गळ्याखाली बारीक लाल पुळ्या, खाज तर इतकी की रात्री झोप नाही, आणि आई म्हणणार उष्णता झालीये सब्जा पी. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं, मग परत तेच. नंतर कळलं त्यात स्ट्राँग स्टेरॉइड होतं, नशीब तोंडाला नाही लावलं!!

शेवटी घराजवळच्या स्किन क्लिनिकला गेले. अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास बसवलं, एक स्टार त्याचाच कापलाय. पण डॉक्टर मॅडम भारी आहेत. म्हणाल्या हे घामोळं नाही, पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणजे उन्हाची अ‍ॅलर्जी आहे, थंडीत झाकलेली कातडी अचानक उन्हात आली की असं होतं आणि सवय झाली की बऱ्याच जणांना पुढेपुढे कमी होतं. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) नाही ना हे बघायला एएनए नावाची रक्ताची टेस्ट करून घेतली, निगेटिव्ह आली. हातांना ७ दिवस क्रीम, खाजेची गोळी, बास. बाकी सगळा भर सनस्क्रीनवर. मी फक्त एसपीएफ बघायचे, तो आकडा मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी किरणांपासूनच्या संरक्षणाचा असतो म्हणे, मला त्रास यूव्हीए किरणांचा आणि ते काचेतून पण येतात, म्हणजे ऑफिसात खिडकीशी बसून मी उगाच निवांत होते 😅 त्यामुळे एसपीएफ ५० आणि पीए++++ (ही यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) वालं, दर २ तासांनी.

झिंक ऑक्साइडवालं दिलंय, तोंड पिठात बुडवल्यासारखं दिसतं, पण यंदा एप्रिल संपत आला तरी हात स्वच्छ आहेत.