प्रेशर वॉशर, दहा महिने आणि पडणारा खटका

मशीन घेतलं ते शेवाळासाठी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. अंगण अर्धं जांभ्याच्या चिऱ्यांचं, अर्धं कोब्याचं. पावसाळ्यात त्यावर जे हिरवं-काळं बुळबुळीत धरतं त्यावरून गेल्या गणपतीच्या आधी आई मागच्या दारी घसरली. मोडलं काही नाही, पण खराटा आणि ब्लीचिंग पावडरवरचा माझा विश्वास त्या दिवशी संपला. १८०० वॅटचं, खोक्यावर १३५ बार दाब छापलेलं घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारून धुणारं मशीन, मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे भोगलं त्यातलं निम्मं मशीनचं नव्हतंच.

पहिल्या दिवशी गन दाबली आणि पडवीतला दिवा गेला. खटका वर केला, पुन्हा दाबली, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी मशीन चाललं, त्यामुळे मला वाटलं की झालं ठीक. दुसऱ्या दिवशी परत तेच. रिटर्नचा अर्ज भरायला बसलो होतो, तेवढ्यात आमचा वायरमन दुसऱ्याच कामाला आला. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, मशीनला नंतर शिव्या घाला. खटका कुठला पडतो ते सांगा आधी. आणि कधी पडतो?"

दहा महिन्यांनी सांगतो, सगळा शोध या दोन प्रश्नांतच आहे. बोर्डात दोन जातीचे खटके असतात. एमसीबी पडतो तो करंट जास्त ओढला म्हणून. ईएलसीबी (हल्ली आरसीसीबी म्हणतात, 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं तो) पडतो तो करंट भलतीकडे गळतोय म्हणून. गेला तेवढा करंट परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो तुटतो. आम्ही सगळ्यालाच 'लाईट गेली' म्हणतो, आणि तिथेच चुकतो.

पडवीत पडत होता तो एमसीबी, सहा अँपिअरचा, दिव्या-पंख्यांच्या लाईनचा. १८०० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ आठ अँपिअर लागतात. मशीनला मोठ्या पिनचा प्लग होता, पडवीत सॉकेट लहान, म्हणून मी बाजारातून मोठ्याचा लहान करणारा कन्व्हर्टर आणून लावला होता. मोठी पिन का दिली आहे याचा विचार न करता. शिवाय यातली मोटर मिक्सरच्या जातीची. सुरू होताना क्षणभर आठच्या कित्येक पट ओढते. दिव्यांच्या लाईनला बहुतेक 'बी' जातीचा एमसीबी असतो, तो रेटिंगच्या तीन ते पाच पटींवर झटक्यात तुटतो. 'सी' जातीचा पाच ते दहा पटींपर्यंत धरतो. म्हणून कधी पडायचा, कधी नाही. वायरमनने कन्व्हर्टर उचलला आणि खिशात टाकला. "हा मी नेतो, नाहीतर तुम्ही परत लावाल."

एमसीबी मोठा टाक म्हणून मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, आतली वायर एक एमएमची आहे, खटका तिला वाचवायला आहे, मशीनला नाही.

मग स्वयंपाकघराच्या मागच्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरून एक्सटेन्शन काढलं. इथे एक गोष्ट पैसे वाचवण्यासारखी नाही, ती म्हणजे वायर. आधी माझ्याकडे तयार गुंडाळीवाली बारीक वायर होती. ती वापरली की मोटर वेग घ्यायला रेंगाळायची, आणि रेंगाळते तेवढा वेळ जादा करंट ओढत बसते. एकदा गुंडाळी न सोडताच वीस मिनिटं चालवली, तर आतले फेरे हाताला चटका बसेल इतके तापलेले. आता हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर घेतलेली तीन कोअरची अडीच एमएम वायर आहे, २० मीटर. वापरताना पूर्ण सोडायची, अंगणात सापासारखी दिसली तरी चालेल.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मशीन छान चाललं. डिसेंबरात नवीन तऱ्हा. वीस-पंचवीस मिनिटं सुरळीत काम, मग एमसीबी खाली. तोही रोज नाही, बहुतेक रविवारी सकाळी. मशीन तापतंय म्हणून मी मध्ये मध्ये विश्रांती द्यायला लागलो, फरक शून्य. शेवटी कोडं आईनेच सोडवलं, तिच्या नकळत. न्हाणीघरातून ओरडली, "अरे, गरम पाणी बंद झालं!" जुन्या वायरिंगमध्ये गीझर आणि तो पॉइंट एकाच १६ च्या एमसीबीवर. गीझर तीन हजार वॅटचा, म्हणजे तेरा अँपिअर, वर माझे आठ. एकवीस अँपिअर १६ च्या खटक्याला लगेच पाडत नाहीत. आतली धातूची पट्टी तापून वाकेपर्यंत वेळ जातो. म्हणजे चालू करताक्षणी पडला तर सुरुवातीचा झटका किंवा शॉर्ट, बऱ्याच वेळाने पडला तर लोड. आता आईची आंघोळ आधी, धुणं नंतर. वायरिंग वेगळं करून घ्यायचं आहे, ते गेले सहा महिने 'करून घ्यायचं आहे'.

मधल्या काळात एक छोटा रोग झाला, तोही सांगतो. गन सोडली की मोटर आपोआप थांबते, दाबली की सुरू होते. मार्चमध्ये गन सोडलेली असतानाही मशीन दर चार-पाच सेकंदांनी ढुक करून सुरू व्हायचं, थांबायचं. भूत नव्हे, गनच्या जोडात पाणी झिरपत होतं. दाब उतरला की मोटर परत चढवायला जाते, आणि प्रत्येक ढुक म्हणजे सुरू होतानाचा तो मोठा करंट. जोडातली दहा रुपयांची ओ-रिंग (रबराची चकती) बदलली, थांबलं. नोझल तुंबलं तरी मोटरवर जोर येतो. खोक्यात बारीक तार येते ती हरवू नका, मी आता टाचणी वापरतो. आमचं पाणी विहिरीचं, त्यात लाल मातीचा गाळ, त्यामुळे पाणी आत येतं तिथली जाळी दर दोन आठवड्यांनी काढून धुतो. नळाला जोर आहे का हे बघायला दहा लिटरची बादली लावा. सव्वा मिनिटात भरली तर पुरे. आणि सुरू करण्याआधी नळ सोडून गन दाबून धरायची, हवा निघून सलग धार आली की मगच बटण.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. पहिल्या पावसानंतर अंगण धुवायला काढलं आणि सगळं घर अंधारात. या वेळी ईएलसीबी. शेजारचे काका तत्परतेने आले आणि म्हणाले, "पावसाळ्यात तो पडतोच, काढून डायरेक्ट कर." ओल्या अंगणात, ओल्या पायांनी, हातात पाण्याची धार घेऊन उभ्या माणसाला हा सल्ला! त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

एव्हाना मी थोडा शहाणा झालो होतो. मशीन सोडवलं, नुसतं एक्सटेन्शन लावलं. खटका पडला. म्हणजे मशीन निर्दोष. एक्सटेन्शनचं टोक आणि मशीनचा प्लग जिथे जोडतात तो जोड गवतात पडलेला, आत पाणी. प्लग काढून दोन दिवस उन्हात टाकला (जूनमध्ये दोन दिवस ऊन मिळालं हे नशीब), सगळं ठीक. तेव्हापासून जोड पडवीच्या खांबाला खिळ्यावर टांगतो, जमिनीवर कधीच नाही.

पंधरा दिवसांनी परत ईएलसीबी. या वेळी नुसत्या एक्सटेन्शनवर खटका टिकला, मशीन लावून बटण दाबलं की पडला. मशीन आडवं करून पाहिलं तर पंपाखाली थेंब थेंब पाणी. वायरमनने मेगर (करंट बॉडीत गळतो का ते तपासायचं मीटर) लावला. वायरिंग आणि बॉडीमधला रोध मेगाओहममध्ये यायला हवा, काटा शून्याला चिकटलेला. पंपाचं सील गेलेलं, पाणी मोटरमध्ये, त्यात कार्बन ब्रशची काळी भुकटी मिसळून चिखल. वॉरंटी वर्षाची, म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन केला. पहिलं उत्तर, "सर, तुमच्या घरचं अर्थिंग चेक करा." मेगरचा फोटो पाठवल्यावर सूर बदलला. मशीन कुरियरने गेलं, बावीस दिवसांनी नवीन सील आणि नवीन ब्रश घालून आलं. अर्थिंगही तपासून घेतलं ते बरंच झालं. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, आता एप्रिल-मेमध्ये त्यात कळशीभर पाणी ओतणार आहे.

आता धुण्याबद्दल, कारण घेतलं त्यासाठीच. कोब्यावर अप्रतिम. वर्षानुवर्षांचा काळा थर निघून खालचा सिमेंटचा रंग दिसला तेव्हा बाबा खुर्ची घेऊन बघत बसले. गाडीच्या चाकांमागचा लाल चिखल पाच मिनिटांत. जांभ्यावर मात्र जपून. दगड मऊ, आधीच भोकं भोकं. टोकदार धार जवळून मारली तर चिरा कोरला जातो आणि दरजा वाहून जातात. माझ्या कंपाउंडच्या दोन चिऱ्यांना हे झालंय. रुंद पंख्याची धार, दीड-दोन फुटांवरून, बास. मोटरसायकलच्या बेअरिंगवर आणि वायरिंगवर मारू नका. आणि धारेपुढे बोट तर चुकूनही नाही, कातडीच्या आत पाणी घुसतं, वरून बारीक भोक दिसतं आणि आत हाताची वाट लागते. भाच्यांना मशीनजवळ येऊ देत नाही ते याचसाठी. आवाजही मिक्सरसारखाच, दुपारी शेजारी झोपलेले असताना काढू नये.

परत घेईन का? घेईन. पण या खेपेला आधी बोर्ड उघडून कुठल्या खटक्यावर काय आहे ते बघेन, वायरचे पैसे मशीनच्याच बजेटमध्ये धरेन, आणि पंपाचं सील जवळच्या गावात मिळतं का हे विचारल्याशिवाय पैसे भरणार नाही. सध्या मशीन पडवीत आहे, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. दर वेळी वापरून झालं की सकाळी त्यावर डाग आहे का ते बघतो. आज कोरडं होतं.