पोस्टग्रेस: कांदा-बटाटा मार्केटातल्या गाळ्यावर वापरून पाहिल्यावर

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्याचा हिशेब मी गेल्या पावसाळ्यात पोस्टग्रेसएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसवर आणला. वेगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका गाळ्याच्या पट्ट्यांना (शेतकऱ्याला देतात त्या विक्रीच्या हिशेबांना) कुठलाही डेटाबेस पुरून उरतो. कस लागतो तो टेबलं बदलताना. आणि बाजारात आज ठरलेलं उद्या तसंच राहील याची खात्री नसते.

2016 साली फळं-भाजीपाल्याची आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. गाळ्यावरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आडतीचा कॉलम शेतकऱ्याच्या पट्टीतच होता. विक्रेत्याने टेबलाला हात लावला नाही. तिथे शून्य भरा आणि खरेदीदाराची आडत 'शेरा'मध्ये लिहा, म्हणाला. मग मार्चअखेरीला बेरीज हवी की एकेक शेरा वाचत बसायचं.

नव्या मांडणीत शेतकरी, आवक, पट्टी, खरेदीदार अशी वेगळी टेबलं केली. वजन आणि रक्कम न्यूमेरिकमध्ये, म्हणजे दशांश जसेच्या तसे ठेवणाऱ्या प्रकारात. फ्लोट या अंदाजी प्रकारात 0.1 सुद्धा तंतोतंत बसत नाही, आणि पट्टीत दहा पैसे इकडेतिकडे झाले तरी जुन्नरहून फोन येतो. वजन शून्यापेक्षा जास्तच हवं, असा चेक (नियम) लावला. (मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस 8.0.16 आवृत्तीच्या आधी चेक लिहू द्यायचं, पण पाळायचं नाही.) पट्टीतला कॉलम शेतकऱ्यांच्या टेबलाशी बांधणाऱ्या फॉरेन कीमुळे यादीत नसलेल्या माणसाच्या नावाने पट्टी फाटतच नाही. मात्र त्या कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बनवत नाही, तो वेगळा करावा लागतो.

शेठना कॉलमांची नावं मराठीत हवी होती. चालतात की! पण नावाला 63 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. 'खरेदीदाराकडून_घ्यायची_आडत' असं नाव दिलं तर नेमकी 'आडत'च कापली जाते. तशी सूचना येते, पण ती वाचतो कोण. नावं आखूड ठेवा.

आता ज्यासाठी हा डेटाबेस मनापासून आवडला ते. हमालीच्या रकमेतून वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी) वेगळी दाखवायची ठरली. बिगिन म्हटलं (इथून पुढचं सगळं एकत्रच पक्कं किंवा एकत्रच रद्द), टेबलाची रचना बदलणाऱ्या ऑल्टर टेबलने वाराईचा कॉलम घातला, अपडेटने जुनी रक्कम दोघांत वाटली, आणि जुन्या बेरजेशी नवी ताडून पाहिली. जुळली तर कमिट (पक्कं), नाही तर रोलबॅक (रद्द), की कॉलमसकट सगळं पूर्ववत. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ऑल्टर चालवला की तो आपोआप कमिट होतो, परतीची वाट नाही. इथे ड्रॉप टेबलसुद्धा कमिट होण्याआधी मागे घेता येतो. डिफॉल्ट, म्हणजे आपोआप भरायची किंमत, ठरावीक असेल तर 11व्या आवृत्तीपासून नवा कॉलम घालताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्यामुळे ते काम क्षणात होतं.

क्षणात, पण कुलूप मिळालं तर. ऑल्टरला बहुतेक वेळा टेबलावर पूर्ण ताबा लागतो. मेहताजींनी लांबलचक रिपोर्ट लावला असेल तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतो, आणि साधी पट्टी बघणारेसुद्धा ऑल्टरच्या मागे रांगेत अडकतात. पहाटे गाड्या खाली होत असताना हे परवडत नाही. ऑल्टरच्या आधी लॉक टाइमआउट (ताब्यासाठी थांबायची मुदत) तीन सेकंद ठेवा. ताबा मिळाला नाही तर तो आपला निघून जाईल. दुपारी मार्केट शांत झालं की पुन्हा चालवा.

तक्रार एकच, पण रोजची. नवा कॉलम कायम शेवटी जाऊन बसतो. मायएसक्यूएलमध्ये 'आफ्टर' लिहून हवा तिथे घालता येतो, तशी सोय इथे नाही. शेठना हमालीशेजारीच वाराई दिसायला हवी, म्हणून व्ह्यू (कॉलम हव्या क्रमाने दाखवणारी साठवलेली क्वेरी) केला. मग वजनाला दोनाऐवजी तीन दशांश स्थळं द्यायला गेलो तर पोस्टग्रेसने नकार दिला: कॉलम व्ह्यूत वापरलाय, प्रकार बदलता येणार नाही. कॅस्केड लावून व्ह्यू उडवायचा मोह होतो, पण त्याने त्यावर उभे असलेले बाकीचे व्ह्यूही जातात. त्यापेक्षा व्ह्यूची व्याख्या आधी फाइलमध्ये उतरवून घ्या, मग व्ह्यू काढणं, प्रकार बदलणं आणि व्ह्यू परत बांधणं हे तिन्ही एकाच बिगिन-कमिटमध्ये उरका. व्ह्यूवर कुणाला परवानग्या दिल्या असतील तर त्याही तिथेच पुन्हा द्या, नाहीतर सकाळी मेहताजींची स्क्रीन उघडणार नाही.