सत्तर टक्क्यांची वडी आणि वेष्टनाची मागची बाजू

बेळगावात गोड म्हटले की कुंदा, हे इतके ठरलेले आहे की खडे बाजारातल्या दुकानात मी कडवट चॉकलेट मागितले तेव्हा दुकानदाराने आधी दुधाचेच दोन प्रकार पुढे केले. शेवटी मिळाली ती दक्षिण कन्नडच्या कोकोपासून बनवलेली ७० टक्क्यांची, ८० ग्रॅमची वडी. महिनाभर जेवणानंतर तिचे दोन तुकडे खाऊन हा अभिप्राय लिहीत आहे.

ही वडी मोडताना कट्‌ असा स्वच्छ आवाज येतो आणि तुकडा जिभेवर ठेवला की न चावता विरघळतो, कारण कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळते. चव आधी कडू, मग किंचित आंबूस लागते. याआधी दुसऱ्या एका दुकानातून मी ‘डार्क’ लिहिलेला मोठा स्लॅब आणला होता, त्याचा मात्र टाळूला मेणासारखा थर बसत असे. वेष्टन उलटून पाहिले, तर घटकांत पहिली साखर आणि दुसरे वनस्पती तेल! केकवाले वापरतात ते हे कंपाउंड. त्यात कोको बटर जवळजवळ नसतेच, आणि ते आरोग्यासाठी म्हणून विकत घेणे म्हणजे पैसे देऊन साखर खाणे.

गुण आहे तो कोकोतल्या फ्लॅव्हनॉल नावाच्या नैसर्गिक संयुगांमध्ये. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास ती मदत करतात आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकण्यास मदत होते, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केला. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांवरील ‘कॉसमॉस’ या अमेरिकी चाचणीत हृदयविकार, पक्षाघात अशा एकूण घटनांमध्ये ठोस घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू तेवढे कमी आढळले, आणि तिथेही लोकांना दिली होती ती ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल, चॉकलेट नव्हे. वेष्टनावरचे ७० टक्के हे कोकोचे प्रमाण आहे, फ्लॅव्हनॉलचे नाही. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की रंग गडद होतो, कडूपणा जातो आणि त्याबरोबर फ्लॅव्हनॉलही बरीचशी जातात, म्हणून काळेभोर दिसणारे चॉकलेट अधिक गुणकारी समजू नये. या वडीच्या घटकांत अल्कलीचा उल्लेख नाही, ही तिची मोठी जमेची बाजू.

दोन तुकडे म्हणजे सुमारे २० ग्रॅम. त्यात जवळपास १२० कॅलरी आणि फार तर सहा ग्रॅम साखर जाते, म्हणून कुंद्याच्या वाटीऐवजी ते खाल्ले तर फायदा, कुंद्यानंतर खाल्ले तर नुसती भर. ऑक्झलेटचा मुतखडा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. कॅफिनमुळे मला झोप उशिरा लागू लागली, तेव्हा रात्रीचे तुकडे मी दुपारच्या जेवणानंतर हलवले.

तक्रार एकच, आणि ती साठवणुकीची. एप्रिलमध्ये घेतलेल्या दुसऱ्या वडीवर पांढुरकी साय आली होती. ती बुरशी नव्हे, वितळून पुन्हा गोठलेले कोको बटर होते, पण त्यामुळे वडी भुसभुशीत झाली आणि मोडतानाचा तो आवाजही गेला. आता मी काचेच्या कपाटातल्या दिव्याखालची वडी घेत नाही, आतल्या खोक्यातली मागून घेते.