पुढचे मराठी पुस्तक कोठे शोधावे? बडोद्यातील वाचकासाठी एक तुलना

दांडिया बाजारात राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी मला विचारले की, ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे की किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर काही हजार रुपये घालावेत. त्यांना वाटत होते की प्रश्न खर्चाचा आहे. माझ्या मते तो पुस्तक सापडण्याचा आहे, कारण जे पुस्तक अस्तित्वात आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ते कोणत्याही किमतीला विकत घेता येत नाही.

या बाबतीत बडोदेकर नशीबवान म्हणावे लागतील. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालयेही त्याच योजनेतली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी कपाटांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, त्या खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून. कपाटाचा खरा गुण मात्र इमारतीत नसून शेजारात असतो. वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या ग्रंथालयात मी एकदा एका गवयाचे चरित्र शोधत होतो. ते बाहेर गेलेले होते. परंतु त्याच्या रिकाम्या जागेला लागून एका संवादिनीवादकाच्या आठवणी उभ्या होत्या, ज्यांचे नावही मी ऐकलेले नव्हते. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे जेमतेम चार शिक्के होते, आणि समासात कोणीतरी पेन्सिलीने एका बंदिशीचे शब्द दुरुस्त केले होते. असे पुस्तक नाव टाइप करून सापडत नाही, कारण टाइप करायला नावच नसते.

उलट, नाव ठाऊक असेल तर फोनला तोड नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदी आणि साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे जुने वाङ्मय विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह येथे मोठ्या प्रमाणात आहे. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीस रीतसर आली. आपल्या वयाला अक्षर मोठे करता येते, हा किंडलचा फायदा मी कमी लेखणार नाही.

तरीही जालावरच्या शोधात मराठीची म्हणून एक अडचण आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार येतात. आजच्या वळणाने ‘काही’ लिहून शोधले तर ते पान पुढे येईलच असे नाही. पुष्कळ प्रती तर केवळ छायाचित्रे असल्याने त्यांत शब्द शोधताच येत नाहीत. मी उतरवून घेतलेल्या एका प्रतीत पानांची छायाचित्रे घेणाऱ्याचा अंगठा तीन ठिकाणी मजकुरावर आला होता आणि ऐन वादाच्या प्रकरणातली दोन पाने गळली होती. शिवाय दुकानांच्या शिफारशी तुम्ही काल घेतलेल्या पुस्तकाभोवतीच फिरतात: एक ऐतिहासिक कादंबरी घ्या, की महिनाभर तलवारीच तलवारी.

नव्या लेखकांसाठी या दोन्हींपेक्षा मला दिवाळी अंक उपयोगी वाटतात, कारण एका अंकात पंधरा-वीस जणांचा हात कळतो आणि न आवडलेला चार पानांत सोडता येतो. बडोद्यात प्रती मोजक्या येतात, म्हणून दसऱ्यापूर्वी मागणी नोंदवलेली बरी. श्राव्य पुस्तकांविषयी थोडक्यात एवढेच, की गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या ज्या नातवंडांना मराठी कळते पण वाचताना अडखळायला होते, त्यांच्यासाठी ती उत्तम. स्वतःसाठी घेण्यापूर्वी वाचणाऱ्याचा आवाज नमुन्यादाखल ऐकावा.

माझ्या स्नेह्यांना मी पहिले वर्ष सभासदत्वच घ्यायला सांगितले. जे सापडेल त्याची नावे वहीत टिपावीत, हाती न लागणारी फोनवर शोधावीत, आणि वहीतली निम्मी नावे फक्त फोनवरच मिळत आहेत असे दिसले, तर मग किंडल घ्यावे. गुडघ्यांमुळे जिने चढणे जमत नसेल, तर मात्र हा क्रम उलटा करावा.