फेडोरा घ्यायची तर लोकरीची की सशाच्या केसांची?

१९४०च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटाच्या धर्तीवर लघुपट किंवा एकांकिका करायची ठरली की सूट कुठूनतरी जमतो, गाडी अडते ती हॅटवर. फेडोरा कशी दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की लोकरीच्या फेल्टची (न विणता, तंतू एकमेकांत आवळून केलेल्या कापडाची) घ्यायची की सशाच्या केसांच्या. दुकानात नव्याकोऱ्या शेजारी ठेवल्या तर दोन्ही जवळपास सारख्या दिसतात, आणि फसगत तिथेच होते.

आधी लोकरीची बाजू, कारण ती अगदीच लंगडी नाही. सशाची एक येते त्या पैशांत लोकरीच्या तीन-चार सहज येतात. पावसातला पाठलाग, झटापट, डोक्यावरून उडून चिखलात पडणारी हॅट असं काही संहितेत असेल, तर एकाच मापाच्या आणि एकाच रंगाच्या निदान तीन लागतातच: एक कोरडी, एक भिजवायची, एक हाताशी. रंगमंचावर पाचव्या रांगेपलीकडे फरक कुणाला कळत नाही. आणि सशाचे केस डोक्यावर नकोत असं एखाद्या नटाने सांगितलं, तर वादच मिटला.

माप दोन्हींत सारखंच तपासायचं. चाळीसच्या दशकासाठी ब्रिम, म्हणजे हॅटची भोवतालची कड, अडीच ते पावणेतीन इंच हवी, आणि माथ्यावर खळगी पाडल्यानंतरही समोरून क्राउनची, म्हणजे डोक्यावरच्या उंच भागाची उंची चार-साडेचार इंच उरायला हवी. बाजारात ‘फेडोरा’ म्हणून जी स्वस्त हॅट मिळते तिची ब्रिम बहुधा दोन इंचांच्या आत असते. ती साठच्या दशकातली ठेवण झाली. रुंद लॅपेलच्या डबल ब्रेस्ट कोटावर ती पातेल्यावर बशी झाकल्यासारखी दिसते. रिबनची गाठ डाव्या बाजूला आहे ना, तेही बघा. पुरुषांच्या हॅटला ती डावीकडेच असते. ब्रिम चिमटीत धरली की लोकर जाड आणि खरखरीत लागते, सशाचं फेल्ट पातळ आणि मऊ, साबराच्या कातड्यासारखं. लेबलवर नुसतं ‘फेल्ट’ लिहिलेलं असेल तर लोकर समजावं.

आता ज्या एका कटकटीमुळे माझं पारडं झुकलं ती. लोकरीची हॅट आक्रसते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात आणि कापड आवळतं. फेल्ट बनतं ते याच क्रियेने. अडचण अशी की हॅट तयार झाल्यावरही ती क्रिया थांबत नाही. लाइटखाली घामेजलेलं डोकं तिला हे तिन्ही पुरवतं, मग पाऊस पडो न पडो. सशाचे केसही असेच अडकतात, पण त्यांचं फेल्ट मुळातच इतकं घट्ट झालेलं असतं की पुढे आवळायला फारशी जागा उरत नाही.

५८ सेंटिमीटरची लोकरीची हॅट दोनदा भिजून वाळली की अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने लहान होते असा माझा अंदाज आहे. टेप लावून मोजलेलं नाही, कपाळावरच्या वळावरून सांगतोय. नटाने हॅट काढली की भुवयांच्या वर बोटभर अंतरावर लाल रेघ दिसते आणि त्या रेघेवरचा मेकअप आतल्या पट्टीला लागून आलेला असतो. क्लोजअपमध्ये हे झाकता येत नाही. त्यातच स्वस्त फेल्टला कडकपणासाठी लावलेली खळ ओलीने ढिली पडते आणि ब्रिमला लाटा येतात. वाफ देऊन ती सरळ होते, पुढच्या ओलीपर्यंत. चौथ्या प्रसंगातली हॅट नवव्या प्रसंगात वेगळीच दिसते, आणि कंटिन्युइटी (प्रसंगाप्रसंगांतला सारखेपणा) सांभाळणाऱ्याचा जीव जातो. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात तर नुसती कपाटात ठेवूनही ब्रिम मान टाकते.

सशाची हॅट याबाबतीत जास्त समजूतदार. बरेचदा ती खळगी न पाडता, नुसत्या गोल क्राउनची मिळते आणि आकार आपण द्यायचा. आधी आतली कातडी पट्टी बाहेर उलटवा, कारण वाफेने कातडं आक्रसतं. किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर क्राउन बाहेरून पंधरा-वीस सेकंद वाफेवर फिरवत धरा. आत हात घालू नका, भाजतो. मग तळहाताच्या कडेने माथ्यावर मधोमध खळगी दाबा, पुढे थोडी उतरती. त्यानंतर समोर दोन बाजूंनी अंगठा आणि बोटांनी चिमटे घ्या. पूर्ण गार होईपर्यंत डोक्यावर चढवायची नाही. नाही जमलं तर पुन्हा वाफ आणि पुन्हा सुरुवात. चांगलं फेल्ट दोन-चार वेळा सहज ऐकतं. लोकरीच्या तयार हॅटमध्ये खळगी कारखान्यातच साच्यात दाबलेली असते, ती बदलू गेलं तर जुन्या खुणा दिसत राहतात.

म्हणून सशाची बिनघोर असते असं नाही. भिजल्यावर तिचं फेल्ट टिकतं, कातडी पट्टी दगा देते. हेअर ड्रायर, ऊन किंवा लाइटसमोर वाळवली की कातडं कडक होऊन आवळतं आणि हॅटलाही ओढतं. पाणी झटकायचं, पट्टी बाहेर उलटवून त्या पट्टीवरच हॅट उभी करायची, म्हणजे ब्रिम टेबलाला टेकत नाही, आणि पंख्याखाली दिवसभर ठेवायची. कसर दोन्हींना लागते, तिथे डावं-उजवं नाही. डांबराच्या गोळ्या हव्यातच.

कॅमेऱ्यापुढचा एक फरक सांगायला हवा. मागून प्रकाश आला की लोकरीच्या कडेवर उभे राहिलेले तंतू चमकतात आणि हॅटभोवती केसाळ वलय दिसतं. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवला की ते कमी होतं, पण दोन दिवसांनी परत येतं. रंगाचं म्हणाल तर काळी कुठलीच घेऊ नका. कृष्णधवल चित्रीकरणात खळगी, चिमटे, रिबन सगळं त्या काळोखात जातं. मध्यम करडा किंवा तपकिरी बरा.

खरी जुनी हॅट मिळतेय म्हणून मोहात पडणारे भेटतात. अमेरिकेत १९४१च्या अखेरीपर्यंत सशाच्या केसांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करत असत. तेवढ्या जुन्या हॅटमध्ये पारा उरलेला असू शकतो, तेव्हा तिला बंद खोलीत वाफ देऊ नका आणि तासन्तास डोक्यावरही ठेवू नका. भाड्याने कपडे देणाऱ्यांकडची हॅट एका प्रयोगापुरती चालते, पण तिथे आपल्या डोक्याचं माप मिळेलच असं नाही.

एकाच रात्रीचा प्रयोग असेल किंवा पाच-सहा गुंडांची टोळी उभी करायची असेल, तर लोकरीच्या घ्या, वाईट वाटून घेऊ नका. ज्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबणार आहे त्याच्यासाठी मात्र एक सशाची घ्यावी असं मला वाटतं. बजेट कमी पडलं तर पैसे बुटांमधून काढता येतील, बूट फ्रेममध्ये फारसे येत नाहीत. लोकरीची घेतलीच तर डोक्याच्या मापापेक्षा एक सेंटिमीटर मोठी मागा आणि पट्टीच्या आत वर्तमानपत्राची घडी घालून सुरुवात करा. हॅट आवळेल तसा कागद काढत जा.